टाकीतून रात्री टकटक येते, हात घालू का?

ताई,

आमच्याकडे खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे, साधारण १८० लिटरची. चार महिन्यांपूर्वी दुकानातून थोडा लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्री जीव वसलेला दगड, आणून त्यात टाकला. पंधरा-वीस दिवसांनी रात्री टाकीतून 'टक्... टकटक' असा आवाज यायला लागला. आधी वाटलं पंप बिघडला. मग क्लीनर कोळंबी दिसेनाशी झाली. नारळाएवढा एक दगड आहे, त्याच्यापाशी गोगलगायींच्या शंखांचे तुकडे सापडायला लागले. मागच्या आठवड्यात दोनपैकी एक क्लाउनफिशही गेला. परवा रात्री टॉर्च मारला, तर त्या दगडाच्या भोकातून देठावरचे दोन डोळे बघत होते, एक इकडे, एक तिकडे! हिरवट रंगाचा, करंगळीएवढा जीव. सातवीतल्या मुलीने लगेच शोधून सांगितलं, "बाबा, हा मँटिस श्रिंप! हा काच फोडतो!"

तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. बायकोचं म्हणणं, दगड मोठ्या पातेल्यात घालून उकळा, पीडा जाईल. मुलीने त्याचं नाव 'ठोक्या' ठेवलंय आणि पाळायचाच म्हणून हटून बसलीये. सासरे रेवदंड्याचे, ते हसतात. म्हणतात, असले प्राणी जाळ्यात ढिगाने येतात, त्यांना कोण विचारतं? दुकानदार म्हणतो, हातमोजे घाला आणि ओढून काढा. खरंच काच फुटेल का? बोटाला धोका आहे का? आणि ठेवायचाच झाला तर कसा?

— एक वाचक, ठाणे

तुम्हाला,

सगळ्यात आधी ते पातेलं गॅसवरून उतरवा. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

लाइव्ह रॉकवर पुष्कळदा बटणासारखे छोटे जीव चिकटलेले असतात. दुकानात त्यांना झोअँथिड किंवा पॅलिथोआ म्हणतात. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि समुद्री विषांमध्ये त्याचा नंबर फार वरचा लागतो. असा दगड उकळला, त्यावर कढत पाणी ओतलं किंवा कोरडा करून घासला, की ते विष वाफेबरोबर, तुषारांबरोबर हवेत येतं. घरात दगड साफ करताना अख्खं कुटुंब खोकला, ताप आणि धाप लागून रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. पाळलेल्या कुत्र्यांनाही त्रास झाला. या विषावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. वहिनींचा राग मी समजू शकते, पण तुमच्या करंगळीएवढ्या पाहुण्यापेक्षा तो उकळता दगड शंभर पटींनी धोकादायक आहे. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं.

आता पाहुण्याकडे येऊ. आरोप ठेवायच्या आधी आरोपी तोच आहे ना, हे बघायला हवं. टकटक ऐकू आली की मँटिसच, असं नसतं. पिस्तुल कोळंबीही लाइव्ह रॉकमधून येते आणि तीही आवाज करते. तिचा आवाज चुटकी वाजवल्यासारखा, एकटा, सुटा. एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि डोळे कवचाखाली झाकलेले असल्यामुळे ते देठावर फिरताना कधीच दिसत नाहीत. शिवाय ती सहसा माशांच्या वाटेला जात नाही. कित्येक लोकांनी घाबरून या गरीब कोळंबीचाच जीव घेतलाय. तुमच्या पत्रात मात्र देठावरचे, वेगवेगळ्या दिशांना वळणारे डोळे आहेत आणि बिळाच्या तोंडाशी शंखांचा चुरा आहे. म्हणजे मुलीचं निदान बरोबर आहे. शाबासकी द्या तिला.

क्लाउनफिशच्या बाबतीत मात्र मी ठोक्याला संशयाचा फायदा देईन. मँटिस श्रिंपच्या साडेचारशेच्या वर जाती माहीत आहेत. पाळणाऱ्यांच्या दृष्टीने त्यांचे दोन तट पडतात: हातोडीवाले आणि भालेवाले. हातोडीवाल्यांच्या पुढच्या पायाचं कोपर गोळ्यासारखं फुगीर आणि टणक असतं. शंख, खेकडे, शिंपले फोडणं हा त्यांचा धंदा. भालेवाले वाळूत किंवा चिखलात बीळ करून दबा धरतात आणि जवळून जाणारा मासा काटेरी भाल्यावर टोचून आत ओढतात. प्रार्थना कीटकासारखा (इंग्रजीत प्रेइंग मँटिस) पाय दुमडून बसायचा आणि झटक्यात उलगडायचा, ही तऱ्हा दोघांची, आणि मँटिस हे नाव तिथूनच आलंय. तुमचा ठोक्या दगडात राहतो आणि शंख फोडतो, म्हणजे हातोडीवाला. त्याने झोपलेला मासा कधी गाठला नसेल असं नाही, पण मासा आधीच मेला असेल आणि खेकड्यांनी, समुद्री किड्यांनी रातोरात फडशा पाडला असेल हेही तितकंच शक्य आहे. क्लीनर कोळंबीचा खून मात्र त्याच्याच नावावर लिहा.

काच फुटेल का? दंतकथेतलं तथ्य सांगते. २००४ साली शीला पाटेक आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोर-मँटिसचा, म्हणजे त्या रंगीबेरंगी मोठ्या जातीचा, ठोसा मोजला. वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर, आणि तोही पाण्यात, जिथे आपल्याला नुसता हात फिरवताना दम लागतो. हे निव्वळ स्नायूंच्या जोरावर जमत नाही. पायातला खोगिराच्या आकाराचा एक भाग तो स्प्रिंगसारखा आवळून धरतो, खिटी लावतो आणि मग सोडतो. धनुष्यबाणच म्हणा. पुढच्या वर्षी जोर मोजला, तो १५०० न्यूटनपर्यंत भरला. त्यातही एक गंमत आहे. ठोसा इतका वेगवान असतो की हातोडी आणि शंख यांच्यामध्ये पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना दुसरा दणका बसतो. एका ठोशात दोन मार. तुम्ही रात्री ऐकता ते हेच.

पण हे आकडे मोठ्या, कधी कधी वीतभर होणाऱ्या जातीचे आहेत. काचेला तडा गेल्याची गाजलेली गोष्ट १९९८ सालची, इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयातली. तिथल्या मँटिसला टायसन म्हणत आणि त्याच्या टाकीची काच साधारण सहा मिलिमीटरची होती. अशा गोष्टी घडतात, पण इतक्या क्वचित की एका टायसनवर जगाने पंचवीस वर्षं काढली. करंगळीएवढा प्राणी तुमची टाकी फोडणार नाही. फोडलंच तर हीटरचं काचेचं नळकांडं फोडेल, कारण ते पातळ असतं आणि बिळाच्या आड येतं. ठाण्यात तुम्हाला हीटर बहुधा लागतच नाही. लागला तर प्लास्टिकच्या जाळीत घाला.

बोटाचं मात्र खरं आहे. परदेशातले कोळी याला अंगठा-चिरणारा म्हणत आलेत, उगाच नाही. एवढ्याशा ठोक्याने हाड मोडणार नाही, पण नखाखाली चीर पडेल, कळ मस्तकात जाईल आणि दचकून झटकलेल्या हाताने दगडच टाकीच्या काचेवर आपटेल. मी पाहिलेल्या फुटलेल्या टाक्यांपैकी एक अशीच फुटली होती; मँटिसने नाही, मालकाने फोडली! भालेवाला असेल तर रबरी हातमोज्यातून सरळ आरपार टोचतो. तेव्हा हातमोजे घालून ओढून काढायचा सल्ला परत करा. ओढण्यात त्या जीवाचेही पाय तुटतात. शिवाय त्याचं शेपूटही काटेरी ढालीसारखं असतं. ते तो बिळात आडवं लावतो, मग तुम्ही ओढत बसा.

मग काढायचा कसा? तुमचं नशीब चांगलं, तो नारळाएवढ्या सुट्या दगडात आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं याचं बिऱ्हाड दगडात. बिऱ्हाडासकट हलवा. दिवसा, तो आत असल्याची खात्री करून पंप बंद करा. एक छोटी बादली किंवा मोठा प्लास्टिकचा डबा टाकीत बुडवून दगडाशेजारी धरा. लांब चिमट्याने दगड हळूच त्यात लोटा आणि पाण्याखालीच झाकण ठेवून सगळं एकदम वर घ्या. घाबरला की तो पळत नाही, आणखी आत शिरतो, आणि आपल्याला तेच हवंय. दगड उचलताना बोटं भोकांपासून लांब ठेवा, आणि भोकं एकाहून जास्त असतात हे विसरू नका. पुढच्या दाराने बघणारा मागच्या दाराने मारतो. दगडावर ती बटणं असतील तर जाड हातमोजे आणि चष्मा घाला, पण ते विषासाठी, ठोक्यासाठी नाही.

दगड तुम्हाला जुन्या टाकीत परत हवा असेल, तर तो खाऱ्या पाण्याच्या बादलीवर जाळीवर ठेवून द्या. पाणी निथळून बीळ कोरडं पडायला लागलं की बरेचदा तो आपणहून खाली बादलीत टपकतो. कधी दहा मिनिटांत, कधी तासाभरात. नाहीच उतरला तर पिचकारीने बिळात टाकीच्या पाण्यापेक्षा बरंच खारट पाणी सोडा. लोक बिनचवीचा सोडावॉटरही मारतात. त्याने तो झटक्यात बाहेर येतो, पण गुदमरूनही येतो, आणि वेळेत चांगल्या पाण्यात गेला नाही तर दगावतो. मारायचं नसेल तर सोडा शेवटचा ठेवा. गोडं पाणी नकोच.

दगड बाहेर काढल्यावर आठवडाभर जुन्या टाकीत कान देऊन ऐका. एका खेपेच्या दगडांत दोन भाडेकरू आलेले मी बघितलेत.

आता तुमच्या घरातल्या दोन पक्षांबद्दल. माझं मत मुलीच्या बाजूने आहे, पण तिच्या अटींवर नाही. ठोक्याला मासे, कोळंबी, खेकडे, गोगलगाई असलेल्या टाकीत ठेवणं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस ठेवणं. तो एकटाच राहणार. दुसऱ्या मँटिसबरोबरही नाही, बिळासाठी ते एकमेकांचा जीव घेतात. ही दुसरी टाकी सांभाळायची तयारी नसेल तर त्याला एखाद्या माहितगार पाळणाऱ्याकडे द्या किंवा दुकानात परत न्या. खाडीत सोडू नका. समुद्रातलाच आहे, समुद्रात सोडला तर पुण्यच, असं वाटतं खरं, पण तो कुठल्या समुद्रातला आहे हे तुम्हाला ठाऊक नाही आणि टाकीतले रोगजंतू त्याच्याबरोबर जातात. दगडाबद्दलही एक कानपिचकी: प्रवाळ बांधणारे जीव आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पुढच्या वेळी 'आपल्याच किनाऱ्यावरचा, स्वस्तात' असं म्हणून कोणी दगड विकायला लागला तर लांब राहा. कोरडा, माणसाने बनवलेला दगड घ्या. काही महिन्यांत तोही जिवंत होतो आणि त्यातून ठोके येत नाहीत.

ठेवायचं ठरलं तर करंगळीएवढ्या प्राण्याला चाळीस-पन्नास लिटरची टाकी पुरते. खाऱ्या पाण्यात लहान टाकी सांभाळणं मोठीपेक्षा अवघड असतं, एवढं लक्षात घ्या. तुमची जुनी टाकी मुरलेली आहे, त्याचा फायदा उठवा. तिच्यातली वाळू, दोन दगड आणि फिल्टरमधला थोडा स्पंज नव्या टाकीत घाला, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू आयते मिळतील. तरी पहिले काही आठवडे अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहा. दोन्ही शून्य हवेत. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश. मीठ समुद्री टाकीचंच, आणि पाणी आरओचं. नळाचं पाणी नको, कारण जुन्या घरांच्या नळांत तांबं असू शकतं, आणि तांबं कवचाच्या प्राण्यांना विषासारखं आहे. म्हणूनच माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची औषधं या टाकीच्या जवळपासही आणू नका, त्यातल्या कित्येकांत तांबंच असतं. जुन्या टाकीत कधी तसं औषध घातलं असेल, तर तिथली वाळू आणि दगडही इकडे आणू नका.

ठाण्याचा एप्रिल-मे ही खरी परीक्षा आहे. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. वरून छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण ते झपाट्याने आटतं, आणि इथेच नव्या लोकांची चूक होते. आटतं ते पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. टाकीवर बाहेरून एक रेघ मारा आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणा. हे काम सातवीतली मुलगी छान करेल. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. आणि विजेच्या वायरी सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा. मँटिसने कुणाचा जीव घेतल्याचं मी ऐकलं नाही, खाऱ्या पाण्यातल्या विजेबद्दल तसं म्हणता येत नाही.

उजेड फार नको. या प्राण्याचे डोळे म्हणजे निसर्गाचा अजब कारखाना. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, याच्या डोळ्यांत रंगांसाठीच बारा. लोक म्हणतात, त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रंग दिसतात. २०१४ साली तपासून पाहिलं तेव्हा उलटंच निघालं: जवळजवळचे दोन रंग वेगळे ओळखण्यात तो आपल्यापेक्षा बराच कच्चा. रंगांची तुलना न करता तो बहुधा झटपट ओळखपरेड करतो. हे मुलीला सांगा, शाळेच्या प्रकल्पाला उपयोगी पडेल. पण टाकीवर प्रवाळांसाठीचे भडक दिवे लावू नका. मोर-मँटिससारख्या जातींना प्रखर प्रकाशात कवच कुजण्याचा रोग होतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. रात्री बघायचं तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा.

घराला दार हवं. त्याचा दगड आहेच, शिवाय त्याच्या लांबीच्या दीड-दोन पट लांबीचा आणि तो आत उलट फिरू शकेल इतक्या रुंदीचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा वाळूत तिरका पुरून ठेवा. एक तोंड काचेला लावलंत तर आत काय चाललंय ते दिसतं. बाहेरून त्या जागी काळा कागद लावा आणि बघायचा तेव्हा उचला. टाकीत शंखांचे तुकडे, छोटे खडे विखरून ठेवा. त्यांनी तो दार लहान-मोठं करत राहतो. रात्रीच्या टकटकीतला बराच भाग हा सुतारकामाचाच असतो.

खाण्याच्या बाबतीत तुम्ही कोकणच्या दारात बसला आहात, हे भाग्य समजा. बाजारातली तिसरी, खुबा, कालव, कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, लहान खेकडा, सगळं चालतं. आणल्यावर धुऊन दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि वितळवून द्या. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. हातोडीवाल्याला अधूनमधून कवचासकट तिसरी द्यायलाच हवी. नुसता मऊ गर खाऊन त्याचा हातोडा आणि त्याचं डोकं दोन्ही गंजतात. बंद तिसरी मिळाली की तो तिला आधी फिरवून फिरवून बघतो, बिजागरीची जागा शोधतो आणि मग ठोकतो. पहिल्यांदा हे बघाल त्या दिवशी वहिनीही खुर्ची ओढून बसतील. उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी काढून टाका, एवढ्या छोट्या टाकीत एक सडलेली तिसरी पुरेशी आहे. गोड्या पाण्यातले मासे खाणं म्हणून सोडू नका.

कात टाकणं हा सगळ्यात नाजूक काळ, आणि नव्या पाळणाऱ्यांची सगळ्यात जास्त घाबरगुंडी इथेच उडते. एक दिवस ठोक्या खाणं नाकारेल. मग खडे गोळा करून दार बंद करून घेईल आणि कित्येक दिवस दिसणारच नाही. दगड हलवून बघू नका, काडी घालू नका. आत तो जुनं कवच सोडतोय आणि नवं टणक होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ आहे. नंतर बिळाबाहेर त्याचं पारदर्शक, अगदी हुबेहूब कलेवर पडलेलं दिसेल, डोळ्यांसकट. रडारड करू नका, ती कात आहे. मेलेला मँटिस अपारदर्शक, गुलाबीसर होतो आणि त्याचा वास येतो.

या काळातलं त्याचं वागणं मला फार आवडतं. कात टाकलेला मँटिस ठोसा मारू शकत नाही, मारला तर त्याचाच पाय जायचा. तरी दाराशी कुणी आलं की तो दोन्ही हात फैलावून दमदाटी करतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक रॉय कॅल्डवेल यांनी सहकाऱ्यासोबत १९८३ साली हे दाखवून दिलं होतं: नुकती कात टाकलेला मँटिस चक्क थाप मारतो, आणि समोरचा पुष्कळदा माघार घेतो. खिशात दमडी नसताना मिशांवर ताव मारणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

हाताचे नियम थोडेच आहेत, पण त्यांना अपवाद नाही. टाकीत मोकळा हात घालायचा नाही, मुलीनेच नव्हे, तुम्हीही. खाणं द्यायला, घाण काढायला, पाइप सरकवायला हातभर लांबीचा प्लास्टिकचा चिमटा. हात घालण्यावाचून गत्यंतर नसेल तर आधी तो कुठे आहे ते डोळ्यांनी बघायचं, त्याच्या पाइपाची दोन्ही तोंडं स्पंजाच्या बोळ्यांनी बंद करायची आणि मगच काम. 'तो आत झोपला असेल' हे चालणार नाही. झाकण घट्ट बसणारं हवं. आणि तो कितीही माणसाळला, तुम्हाला बघून दाराशी आला (येतो, ओळखायला लागतो), तरी काचेवर बोट टेकवून लाडीगोडी नको. काचेला तडा गेलाच तर तो आतून ठोकल्याने जाईल, आणि तुम्ही बाहेरून बोट नाचवलंत की तो ठोकतोच.

लागलंच तर काय? जखम लगेच नळाच्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा, रक्त थांबवा, आणि खोल असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा. डॉक्टरांना 'समुद्राच्या पाण्याची, माशांच्या टाकीतली जखम' असं मुद्दाम सांगा, कारण खाऱ्या पाण्यातले जिवाणू वेगळे आणि त्यांची औषधंही वेगळी. काही जण तासांत हात सुजवतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. एका जातीचा जिवाणू उलट फार सावकाश काम करतो: जखम भरलीशी वाटते आणि काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी, न बरी होणारी गाठ येते. तेव्हाही टाकीचा उल्लेख करा, नाहीतर तुम्ही मलमं बदलत बसाल. हाताला आधीच चिरा असतील तर त्या दिवशी टाकीचं काम दुसऱ्याला द्या.

सासऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात जे येतात ते बहुतेक भालेवाले, चिखलातले. आपल्याकडे त्यांना फारसं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ते खतात, माशांच्या भुकटीत जातात. नातीच्या हौसेखातर त्यांनी रेवदंड्याहून एखादा जिवंत आणायचा बेत केला, तर मोडता घाला. जाळ्यात घासून, चेंगरून आलेला प्राणी बहुतेकदा टिकत नाही, आणि भालेवाल्याला बिळासाठी वीतभर जाड चिखल-वाळूचा थर लागतो.

मुलीला काही दिवसांत दुसरी मागणी सुचणार, हे मी आत्ताच सांगते: 'बाबा, तो रंगीत मोर-मँटिस घेऊ ना!' ठोक्याचं वर्षभर नीट झाल्याशिवाय नको. त्याला शंभर-सव्वाशे लिटरची स्वतंत्र टाकी लागते, मंद उजेड, लांब पाइप आणि तापमान सांभाळायला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. बरेचसे मोर-मँटिस दुकानातल्या लखलखाटातून आधीच कवचाचा रोग घेऊन घरी येतात. आणि त्या टायसनची गोष्ट आठवा.

राहता राहिलं नाव. ठोक्या हे नाव झकास आहे, पण तो ठोकी असण्याची शक्यता निम्मी आहे. पहिली कात पडली की ती चिमट्याने उचलून बशीत पाण्यात उलटी ठेवा आणि मुलीच्या हातात भिंग द्या. चालण्याच्या पायांच्या तीन जोड्या असतात. त्यातल्या सर्वांत मागच्या जोडीच्या मुळाशी, आतल्या बाजूला दोन बारीक नळ्या दिसल्या तर तो ठोक्याच. नसल्या, तर बारसं पुन्हा करावं लागेल.